तुलांबेनचं बुडालेलं जहाज: डाइव्हला जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालीच्या ईशान्य किनाऱ्यावर, आगुंग ज्वालामुखीच्या पायथ्याशी तुलांबेन नावाचं लहानसं गाव आहे. तिथे किनाऱ्यापासून जेमतेम तीस-चाळीस मीटरवर 'लिबर्टी' नावाचं अमेरिकी मालवाहू जहाज पाण्याखाली कुशीवर पडलेलं आहे. बोट लागत नाही. पाठीला टाकी बांधायची आणि चालत समुद्रात शिरायचं. बुडालेलं जहाज पाहणं इतकं सोपं असलेल्या जागा जगात फार नाहीत. म्हणूनच लोक ते फार सहज घेतात: सकाळी दक्षिण बालीतल्या सेमिन्याकहून निघायचं, दोन डाइव्ह मारायच्या, संध्याकाळी परत. आमचं म्हणणं एवढंच की तसं करू नका, गावात राहा. का ते पुढच्या उत्तरांत येईलच.

हे जहाज कोणतं आणि तिथे कसं आलं?

पूर्ण नाव यूएसएटी लिबर्टी. 'यूएसएटी' म्हणजे अमेरिकी लष्कराची वाहतूक करणारं जहाज. ही युद्धनौका नव्हे. बांधणी १९१८ ची, न्यू जर्सीतल्या कर्नी इथल्या फेडरल शिपबिल्डिंगच्या गोदीतली. म्हणजे पहिलं महायुद्ध संपता संपता ते कामाला लागलं आणि दुसऱ्यात संपलं.

जानेवारी १९४२ मध्ये ते रेल्वेचे सुटे भाग आणि रबर घेऊन ऑस्ट्रेलियाहून फिलिपिन्सकडे निघालं होतं. ११ जानेवारीला लोंबोक सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो सोडला. जहाज लगेच बुडालं नाही. अमेरिकेची 'पॉल जोन्स' आणि डचांची 'व्हॅन घेंट' या दोन विनाशिकांनी ते दोर लावून ओढायला घेतलं. बालीच्या उत्तरेला सिंगाराजाचं बंदर होतं, तिथवर न्यायचा बेत होता. पण पाणी इतकं भरत गेलं की बंदर गाठणं शक्य नव्हतं. शेवटी तुलांबेनच्या किनाऱ्यावर मुद्दाम चढवून ठेवलं, म्हणजे निदान माल तरी काढून घेता येईल.

त्यानंतर एकवीस वर्षं ते तिथेच होतं. जे काढण्यासारखं होतं ते लोकांनी काढून नेलं. १९६३ साली आगुंगचा उद्रेक झाला, त्याच्या हादऱ्यांनी जहाज किनाऱ्यावरून घसरलं आणि उतरत्या वाळूवर, आज आहे तिथे जाऊन पडलं. त्या उद्रेकात हजाराहून जास्त माणसं गेली. बालीत १९६३ म्हटलं की आधी ते आठवतं, जहाज नंतर.

या गोष्टीतल्या बाकीच्या पात्रांचं काय झालं, असं कुणी विचारत नाही, पण सांगून टाकतो. 'व्हॅन घेंट' पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी १९४२ मध्ये, खडकावर चढली आणि डचांनी ती स्वतःच नष्ट केली. पाणबुडी तेव्हा आय-६६ होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिचा क्रमांक बदलून आय-१६६ झाला, म्हणून पुस्तकांत दोन्ही आकडे सापडतात. जुलै १९४४ मध्ये मलाक्काच्या सामुद्रधुनीत ब्रिटिश पाणबुडी 'टेलिमॅकस'ने तिला बुडवलं.

म्हणजे हे युद्धकाळातलं प्रसिद्ध 'लिबर्टी शिप' का?

नाही. त्या नावाची जहाजं अमेरिकेने १९४१ ते १९४५ या काळात सत्तावीसशेच्या वर बांधली. हे त्यांच्याआधीचं, एकटंच, आणि योगायोगाने त्याच नावाचं. बऱ्याच डाइव्ह सेंटरच्या फलकांवर आणि प्रवासवर्णनांत हा घोळ दिसतो.

लाव्ह्याने जहाज समुद्रात ढकललं असं वाचलंय. खरं आहे?

ऐकायला झकास आहे, पण ते हादऱ्यांचं काम. लाव्ह्याखाली सापडलं असतं तर आज पाहायला काही उरलं नसतं.

आत सांगाडे, तोफगोळे, खजिना असं काही आहे का?

एकवीस वर्षं भर किनाऱ्यावर पडून असलेल्या जहाजात काय उरणार! माल गेला, यंत्रांचे उपयोगी भाग गेले. तोफ मात्र अजून दिसते, बॉयलर आणि साखळ्याही दिसतात. खजिना म्हणाल तर तो नंतर समुद्राने भरला आहे. पत्र्याचा वीतभर भागही मोकळा नाही. मऊ प्रवाळ, स्पंज आणि पंख्यासारख्या गॉर्गोनिया प्रवाळांनी सगळं झाकलंय. पहिल्यांदा उतरणाऱ्याला बऱ्याचदा जहाज दिसतच नाही, खडकच वाटतो. एखादी सरळ रेघ किंवा काटकोन दिसला की मग डोळ्यांना सापडतं.

किती मोठं आणि किती खोल?

लांबी सुमारे १२० मीटर. किनाऱ्याला समांतर, कुशीवर पडलेलं. सगळ्यात उथळ भाग पाच मीटरच्या आसपास, सगळ्यात खोल तीस मीटरच्या आसपास. नवख्यालाही काही मिळतं आणि मुरलेल्यालाही, याचं कारण हा उतार.

मला पोहता येत नाही. जमेल का?

प्रशिक्षकासोबतची ओळख-डाइव्ह जमेल. तिला 'डिस्कव्हर स्कूबा' किंवा तत्सम नाव असतं, बारा मीटरपर्यंत नेतात, प्रशिक्षक पूर्ण वेळ हाताच्या अंतरावर असतो. जहाजाचा वरचा भाग त्या खोलीत बसतो, त्यामुळे थोडंफार दर्शन नक्की होतं. डाइव्हिंगच्या परवान्याचं कार्ड देणाऱ्या कोर्सला मात्र पोहणं लागतं: न थांबता २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगत राहणं. वेगाची अट नाही.

आमचं मत विचाराल तर पोहायला शिका, मग जा. न पोहणारा माणूस पाण्याखाली ठीक असतो. घाबरतो तो पाण्याच्या वर, लाटेत, तोंडातून रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारा तुकडा) निघाल्यावर. तुलांबेनच्या दगडी किनाऱ्यावर नेमकी तीच वेळ येते.

मालवणला स्कूबा केलंय. ते चालेल का?

अनुभव म्हणून चांगलं, परवाना म्हणून नाही. पर्यटकांना मालवण-तारकर्लीला जे देतात ती बहुतेक वेळा ओळख-डाइव्हच असते. एकजण तुम्हाला धरून खाली नेतो, मासे दाखवतो, फोटो काढतो, वर आणतो. त्यात तुम्ही स्वतः काहीच चालवलेलं नसतं. तुलांबेनला गाइड तुमच्या पुढे पोहतो, तुम्हाला धरून नाही. आपली हवा किती उरली, किती खोल आहोत, तरंग (खाली-वर न जाता पाण्यात स्थिर राहणं) नीट आहे का, हे तुमचं तुम्ही बघायचं.

तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे रीतसर कोर्स होतो आणि कार्ड मिळतं. ते कार्ड बालीत चालतं.

कोर्स इथे करावा की बालीत?

दोन्ही बरोबर. तीन-चार दिवस लागतात. 'ओपन वॉटर' झालं की १८ मीटरपर्यंत जाता येतं, 'ॲडव्हान्स्ड' झालं की ३० मीटरपर्यंत. लिबर्टीचा मोठा भाग १८ मीटरच्या आत आहे, तेव्हा पहिल्या फेरीला ओपन वॉटर पुरे. थिअरी घरूनच ऑनलाइन उरकून जा, नाहीतर सुट्टीतले दोन दिवस खोलीत पडद्यासमोर जातात. तुलांबेनला कोर्स करण्याचा एक फायदा आहे: सरावाच्या डाइव्हसुद्धा याच समुद्रात होतात. मुलांना दहा वर्षांपासून कोर्स करता येतो, खोलीची मर्यादा मात्र कमी असते. वयाला वरची मर्यादा नाही, डॉक्टरांचं पत्र हवं.

जहाजाच्या आत शिरता येतं का?

आरपार पोहत जाण्यासारख्या जागा बऱ्याच आहेत. पत्रा फुटून गेलाय, वरून उजेड येतो, पलीकडचं तोंड दिसत असतं. गाइड तिथून नेईल. खऱ्या अर्थाने 'आत शिरणं', म्हणजे अंधाऱ्या खोल्यांत जाणं, हा वेगळा विषय. त्याला दोरीचं रीळ, दोन टॉर्च, वेगळं प्रशिक्षण आणि हवेचा कडक हिशोब लागतो: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश हात न लावता राखीव. लिबर्टीत त्याची गरजही नाही.

एक लक्षात ठेवा. लोखंड खाऱ्या पाण्याखाली साठच्या वर वर्षं आहे. पत्रे ढासळतात. मागच्या वर्षी कुणीतरी ज्या फटीतून व्हिडिओ काढला ती आज तशीच असेल असं नाही. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर जायचं नाही, मग पुढचा माणूस जाऊ दे की नाही जाऊ दे.

यात अवघड काय आहे मग?

पाण्यात शिरणं आणि बाहेर येणं. जहाज सोपं, किनारा अवघड. वाळू नाही, काळे गोल दगड आहेत, नारळाएवढे, ओले, पायाखाली सरकणारे. पाठीवर पंधरा किलोच्या पुढची टाकी, कमरेला वजनं. लाट नसेल तर नुसती कसरत. लाट असेल तर माणसं तोंडावर पडतात, गुडघे फुटतात, मास्क वाहून जातो.

पद्धत अशी. जाड तळव्याचे बूट घालाच. उघड्या पायांनी आणि पायमोज्यासारख्या फिन्सनी (पोहताना पायात घालायच्या वल्ह्यांनी) इथे चालत नाही. किनाऱ्यावरच बीसीडीत (तरंगत ठेवणाऱ्या जाकिटात) हवा भरा, मास्क डोळ्यांवर आणि रेग्युलेटर तोंडात घ्या. फिन्स हातात. दोन मोठ्या लाटांमधली उसंत बघा, पाय न उचलता घसटत चला आणि कमरेएवढ्या पाण्यात आलात की लगेच आडवे होऊन तरंगा. फिन्स तिथे घाला. येताना उलट: छातीएवढ्या पाण्यात फिन्स काढा, उसंत बघा, बाहेर या. पडलातच तर उभं राहायची धडपड करू नका, गुडघ्यांवर रांगत या. लाजायचं कारण नाही, सगळे तसेच येतात.

टाक्या डोक्यावरून नेणाऱ्या त्या बायका कोण?

गावातल्याच. तुलांबेनमध्ये भारवाहकांची स्थानिक व्यवस्था आहे. पार्किंगपासून किनाऱ्यापर्यंत टाक्या आणि जड सामान गावातली माणसं नेतात. यात बायका पुष्कळ. चुंबळ करून एकेक, कधी दोन-दोन टाक्या डोक्यावर घेऊन त्या याच दगडांवरून चालतात, पायात साध्या चपला. आपल्यासारखा माणूस एका टाकीने वाकडा होतो आणि त्या बोलत बोलत पुढे जातात.

"आम्ही आमचं उचलू" असा बाणेदारपणा इथे दाखवू नका. जहाजामुळे गावात जो पैसा येतो, त्यातला थेट घरात जाणारा वाटा हा आहे. त्यांचे पैसे बहुधा डाइव्हच्या दरातच धरलेले असतात, आधी विचारून घ्या. फोटो काढण्याआधी मात्र त्यांना विचारा.

कोणत्या महिन्यात जावं?

एप्रिल ते नोव्हेंबर कोरडा ऋतू. समुद्र शांत, पाणी स्वच्छ. डिसेंबर ते मार्च पाऊस असतो, डाइव्हिंग चालू राहतं, पण लाट वाढली की वर सांगितलेला किनारा आठवा. पाणी वर्षभर साधारण २६ ते २९ अंश, ३ मिलिमीटरचा वेटसूट पुरतो. दिवसाला तीन डाइव्ह करणार असाल आणि थंडी सोसत नसेल तर ५ चा घ्या.

मे महिना आपल्या शाळांच्या सुट्टीचा, आणि तिकडे हवाही उत्तम. जुळून येतं.

आणि दिवसातल्या कोणत्या वेळी?

हा खरा प्रश्न. दक्षिण बालीहून गाड्या यायला लागतात साधारण नऊच्या सुमारास. मग दुपारपर्यंत जहाजावर माशांपेक्षा माणसं जास्त, सगळीकडे बुडबुडे, कुणाच्या तरी फिन्सची लाथ मास्कवर. दुपारी तीननंतर पुन्हा शांत.

पण जायचं ते पहाटे. उजाडता उजाडता पाण्यात असाल तर बम्पहेड पॅरटफिशचा कळप मिळण्याची शक्यता. कपाळावर टेंगूळ आलेले, सव्वा मीटरपर्यंत वाढणारे हे मासे रात्री जहाजाच्या आडोशाला झोपतात आणि उजेड वाढला की चरायला निघून जातात. प्रवाळ दातांनी फोडून खातात. पाण्याखाली तो कडकड आवाज ऐकू येतो. खाल्लेल्या प्रवाळाची वाळू होऊन मागून धुरळ्यासारखी पडते. उष्ण कटिबंधातल्या पांढऱ्या वाळूचा बराच भाग पॅरटफिशच्या पोटातून आलेला असतो, हे कळल्यावर काही लोकांना पुळणीवर झोपवत नाही.

पहाटे तिथे असायचं तर रात्री गावात असायला हवं. सुरुवातीला म्हटलं ते यासाठी.

बाकी काय दिसतं?

जॅकफिशचे थवे, शेकड्यांनी, हळूहळू गोल फिरणारे. त्यांच्या मधोमध शिरलात तर थवा फुटत नाही, बाजूला होऊन पुन्हा मिटतो. एखादा मोठा बॅराकुडा जहाजाच्या सावलीत एकटा टांगल्यासारखा असतो. वाळूच्या उतारावर गार्डन ईल, म्हणजे वाळूतून गवतासारखे डुलणारे बारीक वाम. जवळ गेलात की एकदम आत. खोल भागातल्या गॉर्गोनियन पंख्यांवर पिग्मी समुद्रघोडा असतो. तो नखाएवढा आणि पंख्याच्याच रंगाचा, त्यामुळे गाइडने बोट दाखवूनही बराच वेळ "कुठे?" असंच चालतं. लायनफिश, स्कॉर्पियनफिश, न्यूडिब्रँक (रंगीत समुद्री गोगलगायी) भरपूर. समुद्री कासवंही दिसतात.

पाण्याखाली लाल रंग आधी जातो. पाच-दहा मीटरनंतर सगळं निळं-करडं. टॉर्च दिवसासुद्धा न्या. प्रवाळावर प्रकाश टाकला की रंग परत येतात. रात्रीची डाइव्ह जमत असेल तर जरूर करा, पण दिवसा एकदा जहाज पाहून झाल्यावर.

शार्क?

क्वचित, आणि दिसलाच तर तो लांबून निघून जातो. तुम्हाला इजा करण्याची शक्यता स्कॉर्पियनफिश, स्टोनफिश आणि फायर कोरल यांच्याकडून जास्त, आणि तीही तुम्ही हात लावला तरच. लायनफिश किंवा स्कॉर्पियनफिशचा काटा लागला तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, त्याने विष निवतं, मग डॉक्टर. गंजलेल्या पत्र्याने कापलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन. ते निघण्याआधीच घेऊन ठेवलेलं बरं.

कान दुखतात. उपाय?

दुखायच्या आधी मोकळे करा. नाक चिमटीत धरून हळूच फुंका, किंवा आवंढा गिळा. पहिल्या दहा मीटरमध्ये दाब दुप्पट होतो, म्हणून तिथेच सगळ्यात जास्त वेळा करावं लागतं. होत नसेल तर मीटरभर वर या, पुन्हा करा. जोर लावू नका, कानाचा पडदा जातो. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही. औषध घेऊन उतरू म्हणाल, तर खाली असतानाच त्याचा असर संपला की वर येताना हवा अडकते.

चष्मा आहे.

नंबरचा मास्क मिळतो, बरीच सेंटर ठेवतात. नंबर आधी कळवा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घालूनही चालतं.

दमा, बीपी, मधुमेह असेल तर?

सेंटरवर एक वैद्यकीय प्रश्नावली देतात. त्यात एकाही प्रश्नाला 'हो' असेल तर डॉक्टरांचं सहीचं पत्र मागतात. ते पत्र इथूनच घेऊन जा. दमा, हृदयविकार, फिट्स, फुप्फुसाचं जुनं दुखणं यांत डॉक्टर सांगतील तेच खरं. गरोदरपणात डाइव्हिंग नाहीच. "सगळ्यावर 'नाही' लिहून टाक, कोण बघतंय" असा सल्ला देणारा एकतरी मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याचं ऐकू नका.

मासिक पाळीत डाइव्ह करता येते. रक्ताच्या वासाने शार्क येतात ही भीती निराधार.

चतुर्थीचा उपवास असेल तर उतरावं का?

निर्जळी अजिबात नको. शरीरात पाणी कमी असणं हे डीकंप्रेशनच्या त्रासाचं (वर आल्यावर शरीरात वायूचे बुडबुडे होण्याचं) एक निमित्त मानलं जातं, शिवाय रिकाम्या पोटी लाटेत मळमळतं. फळं, दूध, भरपूर पाणी चालेल. आदल्या रात्रीची बिअरही याच कारणाने नको.

डाइव्हनंतर विमान, डोंगर: किती थांबायचं?

हे उत्तर नीट वाचा.

खाली दाबामुळे श्वासातला नायट्रोजन शरीरात मुरतो. तीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. वर आल्यावर तो नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. त्याआधीच बाहेरचा दाब आणखी कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात, सांध्यांत, मज्जारज्जूत, कुठेही. म्हणून हळू वर यायचं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं आणि नंतर उंचीवर जायचं नाही. एकच डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान १२ तास, जास्त डाइव्ह असतील तर किमान १८. आम्ही सरळ २४ धरतो.

विमानाचं सगळ्यांना माहीत असतं. डोंगराचं नसतं. बालीच्या नकाशात तुलांबेनहून उबुदला जाताना किंतामनीचा रस्ता मोहात पाडतो. तो सुमारे १५०० मीटर उंचीवर चढतो. दुपारी दोन डाइव्ह करून संध्याकाळी त्या रस्त्याने जाणं म्हणजे अर्धं विमानच. बातूर ज्वालामुखीवरचा सूर्योदयाचा ट्रेक आणखी वर, १७१७ मीटर. डाइव्हच्या दुसऱ्या पहाटे तो ठेवणारे प्लॅन सर्रास दिसतात, टूरवालेही लावून देतात. लेंपुयांग मंदिराचं प्रसिद्ध दारही डोंगरावरच आहे. क्रम असा लावा: डोंगर आधी, समुद्र नंतर, मग एक दिवस सपाटीवर लोळणं, मग विमान. ड्रायव्हरला किनाऱ्याच्या, अम्लापुराच्या रस्त्याने न्यायला सांगा.

खाली किती वेळ मिळतो?

तीस मीटरवर डाइव्हिंगच्या तक्त्याप्रमाणे जेमतेम वीस मिनिटं, अठरावर पन्नासच्या पुढे, बारावर दोन तासांहून जास्त. हवाही खोलीत तेवढ्या पटीने लवकर संपते. म्हणून आधी खोल टोक बघून मग जहाजाच्या अंगाने वर वर येत राहायचं. उतारामुळे ते आपोआप जमतं. नायट्रॉक्सचं (टाकीत जादा ऑक्सिजनची हवा वापरण्याचं) कार्ड असेल तर इथे त्याचा पुरेपूर उपयोग होतो. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाची खोलीची मर्यादा या जहाजाच्या तळाच्या थोडी खालीच येते.

खोल गेल्यावर कधीकधी डोकं हलकं होतं, उगाच हसू येतं, आकडे समजत नाहीत. ही नायट्रोजनची गुंगी. थोडं वर या, उतरते.

अपघात झाला तर?

डीकंप्रेशनच्या उपचाराचा हायपरबॅरिक (जास्त दाबाचा) कक्ष देनपसारच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात आहे. पूर्वीचं सांगला, आताचं नाव प्रोफेसर न्गुराह रुग्णालय. तुलांबेनहून गाडीने अडीच-तीन तास. सेंटरवर ऑक्सिजनची टाकी आहे का, हे डाइव्ह ठरवतानाच विचारा आणि ती दाखवायला सांगा. चांगलं सेंटर आनंदाने दाखवतं.

विम्याचं बघा. आपल्याकडच्या प्रवास विम्यात साहसी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात, किंवा खोलीची अट असते. पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचा. नसेल तर डाइव्हिंगचा वेगळा विमा घ्या. कक्षातल्या उपचाराचं बिल सुट्टीच्या खर्चाच्या कितीतरी पुढे जातं.

गोप्रो नुसता चालेल?

बहुतेक मॉडेलं केसशिवाय दहा मीटरपर्यंतच. वरून डाइव्हिंगची केस घ्या. पहिल्या काही डाइव्हना कॅमेरा वरच ठेवा; तरंग सांभाळता येत नसताना कॅमेरा धरणारा माणूस प्रवाळ तुडवतो आणि त्याला पत्ताही नसतो.

व्हिसा, प्रवास, खर्च?

भारतीयांना पोचल्यावर मिळणारा व्हिसा आहे, तीस दिवसांचा, पाच लाख रुपिया. आकडा ऐकून दचकू नका, आपले तीन हजारांच्या आसपास. तोच ऑनलाइनही काढता येतो. सरकारी संकेतस्थळच वापरा, तशाच दिसणाऱ्या नकली साइट पुष्कळ आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांत परदेशी पर्यटकांकडून वेगळे दीड लाख रुपिया घेतो. विमानतळावरून तुलांबेन सुमारे शंभर किलोमीटर. सेंटरच गाडी पाठवतात.

तारखा ठरवताना 'न्येपी' बघून घ्या. हे बालीच्या हिंदूंचं शक नववर्ष. त्या दिवशी पूर्ण बेट बंद: रस्त्यावर कुणी नाही, दिवे नाहीत, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. समुद्रावर जायचा प्रश्नच नाही. बहुतेक वेळा तो आपल्या पाडव्याच्या आसपास येतो, २०२३ आणि २०२६ मध्ये तर त्याच दिवशी. २०२४ मध्ये मात्र जवळपास महिनाभर आधी होता.

शाकाहारी जेवण मिळतं?

मिळतं. टेंपे (आंबवलेलं सोयाबीन), टोफू, गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या), भाज्यांचा नासी गोरेंग (परतलेला भात). चटणीत कोळंबीची पेस्ट असते, तिला 'तेरासी' म्हणतात. ती नको असेल तर आधीच सांगा. पहाटेच्या डाइव्हआधी हॉटेलचा नाश्ता मिळत नाही, तेव्हा जवळ चिक्की किंवा राजगिऱ्याचे लाडू ठेवा.

जहाज सोडून तुलांबेनला काय आहे?

'कोरल गार्डन' आणि 'ड्रॉप-ऑफ', दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. ड्रॉप-ऑफ ही जुन्या लाव्ह्याची पाण्यात उतरलेली भिंत आहे. शेजारी आमेड गाव. गावात रात्रीचं जीवन वगैरे नाही, नऊला सामसूम. पाण्यात न उतरणारा जोडीदार सोबत असेल तर त्याला हे आधी सांगून ठेवा.

ज्वालामुखी पुन्हा फुटला तर?

२०१७ च्या शेवटी फुटला होता. विमानतळ काही दिवस बंद होता आणि पायथ्याची गावं रिकामी करावी लागली. आगुंग जागता आहे. इशाऱ्याची पातळी सरकार जाहीर करतं, निघण्याआधी बघा.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात असं काही आहे का?

गोव्यात ग्रँड आयलंडजवळ 'सुझीज रेक' आहे, उथळ, मोडक्या अवस्थेतलं. तिथलं पाणी गढूळ असतं, तुलांबेनशी तुलना करू नये; पण जहाजावरची पहिली डाइव्ह म्हणून, आणि कमी दिसत असताना शांत राहण्याचा सराव म्हणून, जागा चांगली.

सिंधुदुर्गात नवं घडतंय. १९८५ साली नौदलात दाखल झालेली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'आयएनएस गुलदार' नौदलाने पर्यटन महामंडळाकडे सोपवली. निवती रॉक्सच्या परिसरात ती समुद्रतळाशी ठेवून कृत्रिम प्रवाळ आणि पाण्याखालचं संग्रहालय करण्याची योजना आहे. टॉर्पेडो लागून योगायोगाने किनाऱ्याशी आलेलं जहाज आणि धुऊन-पुसून, तेल काढून, मुद्दाम बुडवायचं जहाज यांत फरक राहणारच. प्रवाळ चढायलाही वर्षं जातात. तरी कोकणात हे होतंय याचा आनंद आहे. पावसाळ्यात तिथला समुद्र बंद असतो, तेव्हा जायचं ते ऑक्टोबर ते मे या काळात, आणि कार्ड आधी काढून ठेवून.